तेवीस कोरे अंगठे

४ फेब्रुवारी

आजी,

नमस्काराला पत्रातली जागा घालवलेली तुला आवडत नाही, म्हणून सरळ कामाचं लिहिते. फोनवर काही विचारलं की तू “बरंय, तू जेवलीस का” म्हणतेस आणि फोन ठेवून देतेस. पत्र असं ठेवून देता येणार नाही. घड्याळजीकाकांनी हे तुला वाचून दाखवावं आणि तू सांगशील ते जसंच्या तसं लिहावं, अशी त्यांना विनंती आहे. त्यांचं दुकान नेमकं तुझ्या खोलीखाली आहे हे माझं नशीब.

शेवटच्या वर्षाला आम्हाला एक संशोधन करावं लागतं. माझ्या वाट्याला शहराच्या टोकाची कचरा-शेड आली आहे. तिथे एकसष्ट बायका कचरा निवडतात. काच, पत्रा, पुठ्ठा वेगळा करायचा, बाटल्या सोड्याच्या गरम पाण्यात धुवायच्या, गोण्या भरायच्या. दर मंगळवारी त्यांच्यासाठी दवाखान्याची गाडी येते, एक डॉक्टर आणि एक नर्स घेऊन. आरोग्य खात्याला ती गाडी दुसरीकडे न्यायची आहे. ठेवावी की न्यावी हे ठरवण्याआधी त्यांनी आमच्या कॉलेजला पाहणी करायला सांगितली, आणि कॉलेजने ती माझ्या गळ्यात घातली. तीस मार्चला अहवाल द्यायचा आहे.

फॉर्मवर पहिलाच प्रश्न आहे, “गेल्या तीन महिन्यांत आजारी होता का?” अडतीस फॉर्म झाले, त्यात पस्तीस जणी म्हणाल्या, नाही. आमच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, “इतक्या निरोगी तर माझ्या वर्गातल्या मुलीही नाहीत.” हेच आकडे गेले तर गाडी जाणार. पण मी दिवसभर तिथे बसते आणि दिवसभर खोकला ऐकते. गाडी त्यांना हवी आहे, मग “नाही” का म्हणतात? तू एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढलीस, म्हणून तुला विचारते.

तुझी
चौकशी

---

१२ फेब्रुवारी

चि. चौकशीबाई,

पत्र आलं. घड्याळजींनी दोनदा वाचलं, एकदा चष्मा शोधत आणि एकदा चष्मा लावून. दुसऱ्या वेळी जास्त कळलं.

(चष्मा शोधत नव्हतो, पुसत होतो. – घड्याळजी)

तुला हे नाव ठेवलं तेव्हा तू चार वर्षांची होतीस आणि बादली उपडी ठेवली की तिला गुदमरतं का, असं विचारत माझ्या मागे फिरत होतीस. तेव्हा मी तुला पळवून लावायचे. आता त्याच उद्योगाचे कॉलेज मार्क देतंय, तर मी कोण बोलणार.

पण हा प्रश्न कोणी काढला गं? ज्याला आजारी पडायला सवड आहे त्याने काढला असणार. आमच्या धुलाईखान्यात एकीचा हात वाफेने भाजला, मनगटापासून कोपरापर्यंत फोड. देखरेखीची बाई आली, म्हणाली, काय झालं? ही म्हणाली, काही नाही, जरा लागलंय. आणि दुसऱ्या हाताने चादर ओढत होती. ती खोटं बोलत नव्हती. आजारी म्हणजे जिला उचलून नेलं ती. जी आपल्या पायांनी घरी जाते ती बरी. तुझ्या पस्तीस जणींनी तुला अगदी खरं सांगितलंय, तुलाच ऐकता आलं नाही.

तू त्यांना अंगाचं विचारू नकोस, कामाचं विचार. पूर्वी करत होता आणि आता सोडलं, असं काय आहे? दुखण्याचं बोलायला बाई लाजते. कामाचं बोलायला लागली की तिला गप्प करावं लागतं.

आणखी एक. मला लिहिता येत नाही, मोजता येतं. एकतीस वर्षं चादरी मोजल्या. एकसष्टातल्या अडतीस झाल्या, उरलेल्या तेवीस कुठे गेल्या? सुट्टीवर?

माझी तब्येत उत्तम आहे. तू विचारली नाहीस, तरी सांगते.

आजी

---

२४ फेब्रुवारी

आजी,

तुझा प्रश्न फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतला आणि शेडमध्ये नेला. पहिल्या दिवशी मला घरी जायला उशीर झाला, इतक्या त्या बोलल्या. एक म्हणाली, “पत्रा मी आता हिला देते, मी पुठ्ठा घेते. पत्र्याने बोटं कापतात ते कळतच नाही, रक्त दिसलं की कळतं.” बाटल्या धुणारी एक मुलगी म्हणाली, “मी गाणं सोडलं.” मी म्हटलं, का, कंटाळा आला? तर म्हणाली, “नाही, ओळ पुरी होत नाही. मध्येच दम संपतो.” हिच्या फॉर्मवर मी स्वतःच्या हाताने “आजार नाही” लिहिलं होतं. पेन तिथेच खिशात घातलं.

पण अशा सात-आठच निघाल्या. बाकीच्या खरोखर धडधाकट आहेत. बहुतेक तरुण, दोन-तीन वर्षांपूर्वी कामाला लागलेल्या. एवढ्यावर गाडी टिकणार नाही.

तेवीस जणींचं सांगते. त्यांचे फॉर्म बाद झाले. लिहिता येत नसेल तर संमतीसाठी अंगठा घ्यायचा, आणि ठशातल्या रेघा स्पष्ट दिसल्या पाहिजेत, असा आमच्या कॉलेजच्या परवानगी समितीचा नियम आहे. या तेवीस जणींचे ठसे म्हणजे नुसते काळे डाग. आधी वाटलं पॅड जास्त ओलं आहे. पॅड बदललं, त्यांचे हात साबणाने धुवून घेतले, हलकं दाबलं, जोरात दाबलं. डाग तो डागच. बाई म्हणाल्या, हा तुझा हलगर्जीपणा. फॉर्म कपाटात ठेवून दिलेत. अडतीस पुरेत, असं त्यांचं म्हणणं.

तू मात्र पत्रात तब्येतीचं न विचारताच सांगून टाकलंस. का?

चौकशी

---

५ मार्च

चि. चौकशी,

माझ्या तब्येतीचं राहू दे. मला आधी हे सांग, त्या तेवीस जणी किती वर्षं त्या शेडमध्ये आहेत? थांब, मीच इथे बसून सांगते. सगळ्यात जुन्या. खोटं निघालं तर माझं नाव बदल.

धुलाईखान्यात माझं शेवटचं वर्ष होतं तेव्हा दारावर अंगठा ओळखणारं यंत्र बसवलं. अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागला की आत. पोरी पटापट आत गेल्या. मी ठेवला, लाल. पुसून ठेवला, लाल. डाव्या हाताचा, लाल. माझ्यामागे माझ्या वयाच्या सहाजणी, त्यांचाही लाल. साहेब आला. म्हणाला, हाताला तेल लावून आलात काय? मी म्हटलं, साहेब, एकतीस वर्षं मी याच दारातून आत जाते आणि तुमचं यंत्र काल आलं, तर कोणी कोणाला ओळखायचं? तो बिचारा मला चांगला ओळखत होता. पण यंत्र म्हणत होतं ही बाई नाही, आणि यंत्रापुढे त्याचं काय चालणार. शेवटी आमच्यासाठी मागचं दार उघडलं. चादरींच्या गाड्या जातात ते.

गरम पाणी, सोडा, खरबरीत कापड. अंगठा झिजतो गं. उंबरा झिजतो तसा. दुखत नाही, कळतही नाही. रेघा जातात आणि कातडं गुळगुळीत होतं.

खाली जे काळं दिसतंय ती सांडलेली शाई नाही. घड्याळजींच्या दुकानाच्या शिक्क्याच्या शाईत बुडवलेला माझा अंगठा आहे. तुझ्या समितीला दाखव आणि विचार, ही बाई आहे का.

(मी भिंगातून पाहिलं. चाळीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा बघतोय. या अंगठ्यावर एकही रेघ नाही. – घड्याळजी)

सोबत त्यांचं डोळ्याला लावायचं जुनं भिंग पाठवतेय. त्यातून त्या तेवीस जणींचे अंगठे बघ. भिंग परत पाठव. ते नको नको म्हणत देतायत, म्हणजे जीव आहे त्यांचा त्याच्यात.

आजी

(हे पुढचं आजीबाईंनी सांगितलेलं नाही. भिंग गुंडाळायचा त्यांनी हट्ट धरला, ते दोनदा हातातून पडलं. महिन्याभरात चार कप फुटले. कपच निसरडे आहेत असं त्या म्हणतात. तुमच्या कानावर असावं म्हणून लिहिलं. – घड्याळजी)

---

११ मार्च

आजी,

तुझं नाव बदलायची वेळ आली नाही.

भिंग डोळ्याला लावून मी शेडमध्ये बसले, तर बायकांची हसून पुरेवाट. “डॉक्टरीण झाली आमची, आता चाकू आणेल.” मग एकेक जण स्वतःहून अंगठा पुढे करायला लागली. नव्या मुलींच्या अंगठ्यांवर रेघाच रेघा. जुन्यांच्या काहीच नाही. तेवीसच्या तेवीस जणी. सगळ्यात कमी काम केलेलीला एकोणीस वर्षं झालीत. तुझा प्रश्न त्यांना विचारला. लिहून लिहून माझी वही भरली. कोणी बाटलीचं झाकण फिरवणं सोडलंय, कोणी उजव्या कुशीवर झोपणं. एकीने जिना सोडलाय, बहिणीकडे जात नाही कारण बहीण वरच्या मजल्यावर राहते. म्हणजे मी काय केलं बघ. सगळ्यात जास्त झिजलेल्यांना आधी कपाटात कोंडलं आणि मग बाहेर बसून विचारत राहिले, इथे सगळ्या इतक्या बऱ्या कशा.

बाईंना तुझा डाग दाखवला. त्यांनी तो समितीपुढे ठेवला. पण समिती म्हणते, कारण पटलं, तरी संमती त्याच बाईची आहे याची खूण हवी. साक्षीदार चालेल, पण तो लिहिता-वाचता येणारा आणि प्रत्येकीला ओळखणारा पाहिजे. तसा एकच माणूस आहे, ठेकेदाराचा मुकादम. त्याच्यासमोर एकही जण तोंड उघडणार नाही. एकोणीस दिवस उरलेत. त्यांच्याशिवाय अहवाल गेला तर गाडी गेलीच, आणि ती मी घालवलेली असेल. काय करू?

आणि आजी, चार कप कसे फुटले?

चौकशी

---

१५ मार्च

चि. चौकशी,

तुझं पत्र वाचताना घड्याळजी शेवटी एका ओळीपाशी थांबले, घसा खाकरला आणि एकदम तुझं नावच वाचलं. मधे काय गाळलं ते मी विचारलं नाही. तूही सांगू नकोस.

काय करू म्हणून मला काय विचारतेस? मी तुझी शेड पाहिली आहे का? तेवीस शहाण्या बायका समोर बसल्यात त्यांना सोडून तू दोन दिवसांच्या वाटेवरच्या म्हातारीला विचारतेस. शिकलेल्यांचं हे असंच असतं, जवळचं दिसत नाही. म्हणून भिंग पाठवलं, तर तू त्यातून नुसते अंगठे बघितलेस.

एवढं सांगते. आमच्याकडे चादरींचे गठ्ठे ढिगात जायचे, पण कोणता गठ्ठा कोणी घातला ते आम्हाला लांबून कळायचं. माझी घडी आखूड. माझ्या शेजारणीची कोपऱ्यातून दुमडलेली, तिला किती सांगितलं तरी. कागद नाही, पाटी नाही. सगळ्यांचं सारखंच काम असलं तरी हात सारखा नसतो. तुझ्या बायका दिवसभर गोण्या भरतात म्हणतेस. गोण्यांच्या ढिगात कोणाची कोणती हे त्यांना कसं कळतं, तेवढं जाऊन बघ. विचारू नकोस. बघ. तुला विचारायची फार घाई असते.

आजी

---

२ एप्रिल

चि. चौकशी,

तीस तारीख होऊन गेली. पत्र नाही. फोन केला तर तू “सगळं ठीक, नंतर बोलते” म्हणालीस आणि ठेवलास. हे तू कोणाकडून शिकलीस ते मला माहीत आहे, म्हणून जास्त काळजी वाटते.

घड्याळजी रोज टपालवाल्याला अडवतात. तो आता पलीकडच्या फुटपाथने जातो.

गाडी राहिली का गेली, एवढं तरी लिही.

आजी

---

१४ एप्रिल

आजी,

काल कळलं, म्हणून आज लिहितेय. अर्धवट काही सांगायचं नव्हतं. सगळं क्रमाने सांगते.

तू बघ म्हणालीस म्हणून मी दोन दिवस काट्याजवळ नुसती बसले. भरलेल्या गोण्या तिथे वजनाला येतात. काट्यावरची बाई त्या एकामागून एक ओढते आणि गोणीकडे न बघता कोणाची ते सांगते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की ती गोणीकडे बघत नाही, तोंडाच्या सुतळीवर हात ठेवते. गाठ चाचपते. एकीची गाठ चपटी असते, दोन वेढ्यांची. एक डावखुरी आहे, तिची उलटी फिरते. एक जण सुतळीचं टोक आत खोचते. कोणाला शिकवलेलं नाही, ठरवलेलं नाही. पडत गेलेली सवय आहे.

मी पुन्हा फॉर्म भरले. प्रत्येक फॉर्म वाचून दाखवला, कबूल आहे का विचारलं, कोपऱ्यात भोक पाडलं आणि अंगठ्याऐवजी तिथे आपली गाठ बांधायला सुतळीचा तुकडा दिला. बाईंना नेऊन दाखवलं. त्या म्हणाल्या, “मुली, हा फॉर्म आहे की भाजीची पिशवी?” पण दुसऱ्या दिवशी त्या समितीच्या अध्यक्षांना घेऊन स्वतः शेडमध्ये आल्या. नावं झाकून तेवीस फॉर्म पत्त्यांसारखे पिसले आणि काट्यावरच्या बाईच्या हातात दिले. तिने गोणीसारखंच केलं, वर बघितलंच नाही.

“ही पुढच्या रांगेतली उंच. ही तिची जाऊ. ही काचवाली. ही माझी मैत्रीण, भांडलीय सध्या.”

अध्यक्षांनी नावं उघडून पाहिली. एकही चुकलं नाही. त्यांनी चष्मा काढला, सुतळी स्वतः चाचपून पाहिली. म्हणाले, “मला तर सगळ्या सारख्याच वाटतात.” ती म्हणाली, “तुम्हाला वाटणारच. तुम्ही कधी उचलली आहे का गोणी?”

दोन फॉर्म तिने बाजूला ठेवले होते, ते आता उचलले. “या दोन्ही एकाच हाताच्या. हिच्या मुलीने बांधल्यात. आईची आणि आईच्या शेजारणीची. त्या दोघींची बोटं आता मिटत नाहीत, सुतळी धरता येत नाही.” मुलगी तिथेच उभी होती, रडवेली झाली. आम्हाला फसवावं म्हणून तिने केलं नव्हतं. शेडमध्ये त्या दोघींच्या गोण्या ती रोजच बांधते.

नियम तो नियम, बाकीचे एकवीस मान्य झाले आणि ते दोन फॉर्म बाद झाले. मी त्या दोघींकडे गेले, तर आई म्हणाली, “आम्हाला मोजू नका, पण हात का चालत नाही तेवढं लिहा.” ते बाईंनी वेगळ्या परिच्छेदात स्वतः लिहिलं. एकसष्टातल्या एकोणसाठ मोजल्या, आणि दोघी का मोजता आल्या नाहीत त्याचं कारण.

गाडी राहिली. एक वर्षासाठी तरी. आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी डॉक्टर सगळ्यांचे हात तपासणार आहेत. आरोग्य खात्याचे साहेब म्हणाले, अहवालातला तो परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला.

भिंग परत पाठवतेय. घड्याळजीकाका, ही पुढची ओळ कृपा करून गाळू नका, घसा खाकरून झाल्यावर वाचा.

आजी, तू कधीपासून कप धरू शकत नाहीस?

चौकशी

---

२५ एप्रिल

चि. चौकशी,

घड्याळजींनी वाचलं. घसा न खाकरता. त्या दिवशी त्यांनी माझ्याशी बोलणं टाळलं आणि मी त्यांच्याशी. दोघांनाही दिवसभर काम सुचलं नाही. संध्याकाळी ते वर आले, दारातच उभे राहून म्हणाले, “उद्या दुपारी दुकान बंद आहे. तुम्हाला डॉक्टरकडे नेणार आहे.” चाळीस वर्षांत त्यांनी दुपारी शटर ओढलेलं कोणी पाहिलेलं नाही. समोरच्या न्हाव्याला वाटलं, कोणीतरी गेलं.

डॉक्टरीण तुझ्याच वयाची आहे. टेबलावर कागद पुढे ओढला आणि म्हणाली, “आजी, काय होतंय?”

मी म्हटलं, “काही नाही.”

“मग आलात कशाला?”

“यांनी आणलं.”

ती घड्याळजींकडे बघून हसली, मला ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या, म्हणाली, वयाच्या मानाने छान आहात. मी म्हटलं, आहेच. आम्ही उठलो. दार उघडताना घड्याळजींनी माझ्याकडे अशी मान वळवली की मला माझीच लाज वाटली. अख्ख्या शेडला शहाणपण शिकवायला मी पुढे, आणि मला विचारल्यावर माझ्या तोंडून काय निघालं, तर तेच. विचार न करता निघालं गं. जीभ आपोआप फिरली.

मी मागे आले. खुर्चीत बसले. बाहेरची पुढची बाई आत यायला लागली, तिला म्हटलं, थांब जरा.

डॉक्टरणीला सांगितलं, “बाई, तुमचा प्रश्न चुकला. काय होतंय असं विचारू नका. मी काय काय सोडलं ते विचारा.”

तिने पेन खाली ठेवलं. मग परत उचललं. म्हणाली, “काय सोडलंत?”

मी सांगितलं. ब्लाउजची बटणं लावणं सोडलं, आता अंगावर नुसतं गळ्यातून घालायचं घालते. खिडकीची कडी सोडली, म्हणून सगळ्या थंडीत खिडकी उघडी होती आणि मी सगळ्यांना सांगत होते की मला वारा आवडतो. सुई सोडली. विळी सोडली. घड्याळजींनी चाळीस वर्षं कान देऊन टिकटिक ऐकली आहे, पण हे ऐकताना ते भिंतीवरचा तक्ता वाचत होते. तक्ता डोळ्यांच्या तपासणीचा होता. त्यात वाचायला काही नव्हतं.

मग मी शेजारच्या बाळाचं सांगितलं. सात महिन्यांचं आहे. रोज दारातून माझ्याकडे हात पसरतं. दोन महिने झाले, मी त्याला उचललेलं नाही. हातातून पडेल म्हणून. त्याच्या आईला वाटतं, म्हातारीला आताशा बाळाचा कंटाळा येतो, म्हणून ती हल्ली त्याला घेऊन पटकन निघून जाते. मी तिला तसंच वाटू दिलं. हे मी आजपर्यंत कोणाला बोलले नव्हते. घड्याळजींनाही आता लिहिताना दुसऱ्यांदा कळतंय.

(मला पहिल्या वेळीच कळलं होतं. – घड्याळजी)

डॉक्टरणीने सगळं लिहून घेतलं. गोळ्यांची चिठ्ठी परत मागितली आणि फाडली. माझ्याकडे येऊन गुडघ्यावर बसली, अगदी तू बसतेस तशी, आणि म्हणाली, “आजी, दोन्ही हात द्या.”

मनगटातली नस दबली आहे म्हणते. एका बाजूला बरंच नुकसान झालंय, दुसऱ्या बाजूला अजून वेळ आहे. पुढच्या गुरुवारी मोठ्या इस्पितळात बोलावलंय, एक लहानसं ऑपरेशन. त्याला तिने सही मागितली. मी अंगठा दाखवला. ती हसली नाही. म्हणाली, तुम्ही तोंडाने सांगा, मी ऐकते आणि हे गृहस्थ साक्षीला सही करतील.

तर मी तोंडाने सांगितलं, हो.

घरी आल्यावर शेजारणीचं दार वाजवलं. तिला म्हटलं, बाळ घेऊन ये, मी जमिनीवर बसते, तू त्याला माझ्या मांडीत ठेव आणि शेजारीच बस. ती बाळ घेऊन आली. मग म्हणाली, “मला वाटलं तुम्हाला…” मी म्हटलं, तुला काय वाटलं ते माहीत आहे. ठेव.

आजी